लोईस आजीच्या घरी

आपल्या समाजात एखादी वृद्ध स्त्री देवाघरी गेली म्हणजे तिच्याविषयी जे चार शब्द लिहिले किंवा बोलले जातात, त्यांत एक वाक्य बहुधा ठरलेले असते. तिने आपले सारे आयुष्य कुटुंबासाठी आणि श्रद्धेसाठी वेचले, असे ते वाक्य. वेदीवरून प्रवचन करताना मीही ते अनेकदा उच्चारले आहे, आणि बहुतेक वेळा त्यात अतिशयोक्ती नव्हती. परंतु ‘कुटुंब’ आणि ‘श्रद्धा’ हे दोन शब्द आपण ज्या सहजतेने एका दमात उच्चारतो, ती सहजता मला अलीकडे खटकू लागली आहे. जणू ही दोन्ही एकाच समईतल्या दोन वाती आहेत आणि एकीला तेल घातले की दुसरीलाही ते आपोआप पोहोचते! तसे घडते तेव्हा प्रश्नच उरत नाही. पण जेव्हा घर एका दिशेला ओढते आणि श्रद्धा दुसऱ्या दिशेला, तेव्हा दोहोंनाही वाहिलेल्या त्या आजीने काय करावे? तिची निष्ठा तेव्हा कोणत्या रूपाने प्रकट व्हावी?

हा प्रश्न मला ग्रंथातून सुचला नाही. सातारा जिल्ह्यात, जिथे केरा नदी कोयनेला मिळते त्या पाटणच्या परिसरात, ख्रिस्ती घरे फार विरळ. १९५० च्या दशकात कोयना धरणाचे काम सुरू झाले तेव्हा देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे कामासाठी तिकडे आली. काम संपल्यावर बहुतेक परतली, काही मागे राहिली. अशाच मागे राहिलेल्या एका घरातील मावशींची ही गोष्ट आहे. कोकणपट्टीतून लग्न होऊन त्या तिकडे आल्या, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप त्यांनी मुलाला छातीशी धरून उघड्यावर काढला, आणि मिस्सेसाठी महिनोन्‌महिने धर्मगुरूंची वाट पाहत घरातली जपमाळ त्यांनी एकही संध्याकाळ चुकू दिली नाही. त्यांच्या धाकट्या मुलीचा विवाह तिथल्याच एका मराठा कुटुंबात झाला होता. तिला मुलगा झाला. पंचवीसएक वर्षांपूर्वी, मी नवा धर्मगुरू असताना, त्यांनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारले, “फादर, बाळाला न्हाऊ घालताना मीच डोक्यावर पाणी ओतून ते शब्द म्हटले तर? कुणाला कळायचंसुद्धा नाही.”

जावयाविषयी त्यांची तक्रार नव्हती. उलट, “माणूस सोन्यासारखा आहे, मला आईच्या जागी मानतो,” असे त्या म्हणाल्या. आणि तिथेच खरी अडचण होती. माणूस वाईट असता तर निर्णय सोपा झाला असता.

वाचकहो, ही विचारणा केवळ एका मावशींची नाही. आपल्यापैकी अनेक घरांत ती झाली आहे आणि काही घरांत तिचे उत्तर स्वयंपाकघराच्या मोरीवर गुपचूप दिलेही गेले आहे. ख्रिस्तसभेचे म्हणणे या बाबतीत स्पष्ट आहे. १९८३ च्या कॅनन लॉमधील ८६८ व्या कलमानुसार बालकाला स्नानसंस्कार द्यायचा तर आईवडिलांची, निदान दोघांपैकी एकाची, संमती हवी आणि ते मूल या श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा हवी. अपवाद आहे तो मृत्यूच्या धोक्याचा. मिश्रविवाहात कॅथलिक पक्ष आपल्या शक्तीप्रमाणे प्रयत्न करण्याचे वचन देतो. जोडीदाराला त्या वचनाची फक्त कल्पना दिली जाते, त्याच्याकडून वचन घेतले जात नाही. आजीचे नाव या कलमांत कुठेही नाही. मावशींना मी हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या हातात काहीच नाही.”

कायदा सांगून मोकळे होणे हे धर्मगुरूला फार सोयीचे असते. पण कायद्यामागचे कारण सांगितले नाही तर ऐकणाऱ्याला तो निव्वळ अडसर वाटतो. इतिहासातले एक उदाहरण या ठिकाणी टाळून चालणार नाही, जरी आपल्याला ते सुखावणारे नाही. इटलीतील बोलोन्या शहरी एका ज्यू कुटुंबात एद्गार्दो मोर्तारा नावाचा मुलगा होता. तान्हेपणी तो आजारी पडला असता घरातल्या कॅथलिक मोलकरणीने, मूल दगावेल या भीतीने, त्याला गुपचूप स्नानसंस्कार दिला. मूल वाचले. गोष्ट पुढे उघड झाली आणि ख्रिस्ती मूल ज्यू घरात वाढता कामा नये या तेव्हाच्या नियमानुसार १८५८ च्या जूनमध्ये पोपच्या राज्यातील शिपायांनी सहा वर्षांच्या त्या मुलाला आईबापांपासून तोडून नेले. जगभरातून निषेध झाला, तरी पोप नववे पायस यांनी त्याला परत दिले नाही. तो मुलगा पुढे धर्मगुरू झाला आणि १९४० मध्ये बेल्जियममध्ये वारला. त्याची स्वतःची श्रद्धा प्रामाणिक होती, असे मानायला जागा आहे. पण त्या आईचे काय? मोलकरणीच्या हेतूत मला पाप दिसत नाही, तिच्या ओंजळीतले पाणीही तेच होते जे आपण वापरतो. तरीही तिच्या त्या कृतीतून एका घराची राखरांगोळी झाली. श्रद्धा ही गुपचूप मिळवायची वस्तू झाली की ती प्रथम घरच्या माणसांचा विश्वास खर्च करते.

इथे कोणी प्रभूचेच शब्द माझ्यासमोर ठेवील. जो आपल्या आईबापांवर, मुलामुलींवर माझ्यापेक्षा अधिक प्रेम करतो तो मला योग्य नाही, असे प्रभू येशूने मत्तयच्या शुभवर्तमानात सांगितले आहे; आणि तो शांतता नव्हे, तलवार घेऊन आला आहे, हेही. मग जावयाची मर्जी सांभाळणारी आजी कोमट श्रद्धेची म्हणायची काय? हा आक्षेप हलका नाही. मला त्याचे उत्तर असे दिसते की, ते वचन मला माझे स्वतःचे सुख, माझा मान, प्रसंगी माझे घर सोडायला सांगते. दुसऱ्याचे मूल त्याच्या नकळत माझ्या बाजूला ओढून घेण्याचा अधिकार त्यात मला दिलेला नाही. हुतात्म्यांनी स्वतःचे प्राण दिले, शेजाऱ्याचे नव्हेत.

मावशींना मी त्या दिवशी लोईसची गोष्ट सांगितली. संपूर्ण नव्या करारात ‘आजी’ हा शब्द एकदाच येतो, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी, आणि तो या लोईससाठी. तिच्या ठायी निष्कपट विश्वास होता, मग तो तिच्या मुलीच्या, युनीकेच्या ठायी होता, आणि आता तीमथ्याच्या ठायी आहे, असा तो उल्लेख. (लोईस ही युनीकेची आई, असे आपण परंपरेने धरतो.) एवढ्या एका ओळीवर आपण आजीच्या श्रद्धेची कितीतरी गोड प्रवचने केली आहेत. परंतु प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय शेजारी ठेवून ही ओळ वाचावी, म्हणजे त्या घराचे खरे चित्र दिसू लागते.

लोईस राहत होती ते लुस्त्र हे गाव आजच्या तुर्कस्तानात, कोन्या शहराच्या जवळ होते. ऑगस्टस कैसराने तिथे रोमी वसाहत बसवली होती. गावकरी लुकवनी बोलत, व्यवहार ग्रीकमध्ये चाले, सत्ता लॅटिन बोलणाऱ्यांची होती. या गावातले ज्यू म्हणजे परक्या मुलखात स्थिरावलेल्या लोकांचे वंशज. पौल त्या भागातल्या इतर गावी आधी ज्यूंच्या सभास्थानात जातो. लुस्त्राच्या वर्णनात मात्र सभास्थानाचा उल्लेखच नाही. म्हणजे आपल्या पाटणसारखेच म्हणा ना! लोईस आणि युनीके ही नावेसुद्धा ग्रीक. आणि युनीकेचा नवराही ग्रीक होता. या विवाहाचा एक परिणाम शास्त्राने स्पष्ट नोंदवून ठेवला आहे: तीमथ्य तरुण झाला तरी त्याची सुंता झालेली नव्हती. पौलाने त्याला बरोबर घ्यायचे ठरवल्यावर, त्या भागातील ज्यूंना त्याचा बाप ग्रीक असल्याचे ठाऊक होते म्हणून, ती करवली.

याचा अर्थ थोडा थांबून लक्षात घेऊ. ज्यू मुलाची सुंता आठव्या दिवशी व्हायची. अब्राहामाशी केलेल्या कराराची ती खूण. ती नसणे म्हणजे घराण्याच्या दृष्टीने सगळ्यात पहिले कर्तव्यच राहून जाणे. बापाने ती होऊ दिली नाही, की आईने वाद नको म्हणून विषयच काढला नाही, हे कोठे लिहिलेले नाही. पण एवढे निश्चित की, लोईस ज्या घरात आजी होती त्या घरात नातवाच्या अंगावर श्रद्धेची खूण नव्हती आणि ती तिने चोरून केलेली नव्हती. तरीही त्याच पत्रात पुढे म्हटले आहे की तीमथ्याला बालपणापासून पवित्र लेख ठाऊक होते. कोणी शिकवले ते? सभास्थान नाही, बाप परधर्मी. उरल्या या दोन बायका. जे शरीरावर कोरता आले नाही ते त्यांनी कानातून आत पोहोचवले, बापाच्या देखत, त्याच्याच छपराखाली. आणि या आजीच्या विश्वासाला प्रेषित ‘निष्कपट’ म्हणतो. मला तो शब्द इथे विशेष अर्थाने लागू वाटतो, कारण त्या घरात कपट करण्याचा मोह रोजचा होता.

मावशींनी ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे मी नुसत्या गोष्टी सांगत बसू?” त्यांच्या आवाजात निराशा होती. पाणी ओतायला एक क्षण पुरतो. गोष्टी सांगायला वीस वर्षे लागतात आणि शेवटी हाती काय येईल याची खात्री नसते. मी हो म्हटले. त्यांनी ते मानले, पण आनंदाने नव्हे.

परमुलखात घर आणि श्रद्धा यांची सांगड घालणाऱ्या आज्या आपल्या भागाने याहून मोठ्या संख्येने पाहिल्या आहेत, आणि आपण त्यांना जवळजवळ विसरलो होतो. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे तिथे राहिली; त्यांत स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसेच अधिक, आणि जवळजवळ सारी कॅथलिक. १९४० च्या फेब्रुवारीपासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केली होती. १९४१ च्या करारानंतर सुटका झालेल्यांपैकी काही जण इराणमार्गे कराचीला आणि तेथून इकडे आले. छावणीत शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते. आजारी मुलांना आपल्याच सातारा जिल्ह्यातील पाचगणीला पाठवीत असत. घरातले कर्ते पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात होते. त्यांतले कित्येक १९४४ च्या मे महिन्यात इटलीत माँते कासिनोच्या डोंगरावर पडले.

पोलिश घरांत नाताळच्या आदल्या रात्री पहिला तारा दिसल्यावर जेवायला बसण्याची रीत आहे. आधी ओस्तीसारखी पातळ पापडी मोडून घरातले सारे एकमेकांना देतात आणि मेजावर एक ताट जास्तीचे, न आलेल्या पाहुण्यासाठी, मांडून ठेवतात. ज्या घरांतून बाप, भाऊ, नवरा गेलेला, तिथे त्या रिकाम्या ताटाकडे पाहताना काय वाटत असेल, याची कल्पना करून पाहावी. वळिवड्याच्या उन्हाळी मातीत त्यांना ना बर्फ मिळाला, ना आपले चर्च, ना आपल्या पूर्वजांच्या कबरी. नातवंडांना द्यायला भाषा, प्रार्थना आणि जेवायला बसण्याची रीत एवढेच उरले होते.

अशा ठिकाणी तरी कुटुंब आणि श्रद्धा ही एकच असतील, असे आपल्याला वाटते. पण १९४५ नंतर त्यांच्यापुढेही फाटा आला. त्यांचे गाव ज्या प्रदेशात होते तो आता सोव्हिएत संघात गेला होता आणि उरलेल्या पोलंडवर कम्युनिस्ट सत्ता येत होती. परत जावे तर तिथे उरलेली बहीण किंवा लेक भेटेल, पण ज्या राजवटीने हद्दपार केले तिच्याच छायेत नातवंडे वाढतील. न जावे तर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा. श्रद्धा मोकळी, पण घर कायमचे दुभंगलेले. दोन्ही वाटांनी लोक गेले. कोणत्या वाटेच्या आजीची निष्ठा अधिक, हे ठरवण्याचे धाडस मी करणार नाही. काही मोजक्या जणींनी तर इथेच विवाह केला आणि त्या मराठी घरांत मिसळून गेल्या. त्या बराकी पुढे सिंधमधून आलेल्या निर्वासितांना मिळाल्या, आणि आज आपण जिथे कापड घ्यायला जातो ते गांधीनगर तिथेच उभे आहे. एका देवाच्या आज्या गेल्या आणि त्याच छपराखाली, दुसऱ्या नावाने देवाला हाक मारणाऱ्या, तितक्याच घर हरवलेल्या आज्या आल्या, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते.

मराठी वाचकाला इथे लक्ष्मीबाई टिळक आठवल्यावाचून राहणार नाहीत. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या बाबतीत कुटुंब आणि श्रद्धा यांची ताटातूटच झाली. काही काळ दूर राहून त्या पतीकडे परतल्या त्या स्वतःचे सोवळे सांभाळीत. त्यांचा स्नानसंस्कार १९०० मध्ये, त्यांचे स्वतःचे मन वळल्यावर झाला. त्या पाच वर्षांत टिळकांनी घाई केली असती तर आपल्याला एक ख्रिस्ती पत्नी लवकर मिळाली असती, पण ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी ती निर्भय, हसरी बाई मिळाली असती का, याविषयी मला शंका आहे. त्या आपल्या कॅथलिक परंपरेतल्या नव्हेत, म्हणून आपल्या पानांवर त्यांचे नाव कमी येते. ही आपली कंजूषी आहे.

आणखी एका देशांतर केलेल्या आजीविषयी लिहितो. २१ एप्रिल २०२५ रोजी दिवंगत झालेले पोप फ्रान्सिस आपल्या आजीचे, रोझाचे नाव वारंवार घेत. इटलीतून अर्जेंटिनाला जाण्यासाठी या कुटुंबाने ज्या जहाजाची तिकिटे काढली होती, त्या जहाजाने वेळेत निघणे त्यांना जमले नाही. ते जहाज १९२७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ बुडाले. १९२९ मध्ये ते ब्युनॉस आयर्सला उतरले तेव्हा तिथे ऐन उन्हाळा होता आणि रोझाच्या अंगावर लोकरी कातड्याचा जाड कोट होता, कारण घरदार विकून आलेला पैसा त्याच्या अस्तरात शिवलेला होता. नातवाला प्रार्थना शिकवली तिने. पण पोप महोदय तिच्या दोन गोष्टी विशेष सांगत. लहानपणी तिच्याबरोबर चालताना त्यांना साल्व्हेशन आर्मीच्या दोन स्त्रिया दिसल्या. या सिस्टर्स आहेत का, असे त्यांनी विचारले. प्रॉटेस्टंट माणूस नरकातच जाणार असे मानण्याच्या त्या काळात आजी म्हणाली की नाहीत, पण त्या चांगल्या बायका आहेत. दुसरी गोष्ट सेमिनरीत जाण्याच्या वेळची. आईला तो निर्णय रुचला नव्हता. आजीने मात्र आशीर्वाद दिला आणि वर हेही सांगितले की कधी परत यावेसे वाटले तर या घराचे दार उघडे आहे, कोणी बोल लावणार नाही. सेमिनरीत जाणाऱ्या मुलाला आपल्याकडे असे सांगणारी आजी मी फार क्वचित पाहिली आहे. आपल्याकडे हार घालतात, फोटो काढतात, आणि परत येण्याचा रस्ता नकळत बंद करून टाकतात.

पाटणच्या मावशी आता नाहीत. त्यांच्या घरच्या डोंगरांतून, धरणाच्या पाण्याखाली गाव गेलेली कुटुंबे आपले देव उचलून सोलापूर, ठाण्यापर्यंत गेली. उरलेल्यांची तरणी माणसे मुंबईच्या गोदीत आणि बाजारात गेली आणि मुले आजीच्या पदरी राहिली. त्या आज्यांना आपण धन्य म्हणतो, पण त्यांना ते ओझे हवे होते का, हे कोणी विचारलेले नसते. ख्रिस्तसभेलाही हे सोयीचे पडते. बापाला वेळ नाही, आईला नोकरी आहे, धर्मशिक्षणाचा वर्ग दूर आहे, आजी आहेच. २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आपण आजी-आजोबांचा जागतिक दिन पाळतो, त्या दिवशी त्यांना फुले देतो. मावशींना मी वीस वर्षांचे काम सांगून निघून आलो होतो, आणि त्यांनी ते एकटीने केले. त्या बाळाने मोठेपणी स्नानसंस्कार घेतला की नाही, असे ही हकीकत ऐकणारे मला हमखास विचारतात. मी ते सांगत नाही.

लोईसच्या बाबतीतही शास्त्र आपल्याला थोडेच सांगते. पौलाने तीमथ्याची सुंता करवली त्या दिवशी ती हयात होती का, असल्यास तिला काय वाटले, ते आपल्याला कळत नाही. तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र स्वतः पौलाच्या हातचे की त्याच्या शिष्याच्या, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि तो इथे सोडवण्याची गरज नाही. पत्रातला माणूस कैदेत आहे, म्हातारा आहे, बहुतेक सोबती त्याला सोडून गेले आहेत. हिवाळ्यापूर्वी ये, आणि त्रोवस येथे कार्पच्या घरी राहिलेला माझा झगा आणि पुस्तके घेऊन ये, असे तो शेवटी लिहितो. आणि आरंभी, आपल्या लाडक्या शिष्याला काही सांगण्यापूर्वी, त्याला आठवते ती त्या शिष्याची आजी, तिच्या नावासकट.